शंभर वर्षं न जळलेलं रान

९ सप्टेंबर २०२१ च्या रात्री दक्षिण सिएरा नेवाडाच्या डोंगरांवर गडगडाट झाला, तेव्हा खाली खोऱ्यात आम्ही सगळे पावसाच्या आशेने बाहेर येऊन उभे होतो. कॅलिफोर्नियाच्या या भागात उन्हाळाभर थेंब पडत नाही, आणि त्या वर्षी आधीचा हिवाळाही कोरडाच गेला होता. पाऊस आलाच नाही. आपल्याकडे वळवाची वीज सर सोबत घेऊन येते. झाडावर पडली तरी मागोमाग पाणी कोसळतं आणि धुमसणारं खोड बहुतेक वेळा तिथेच विझतं. इथे ढग खूप उंचावर असतात आणि खालची हवा इतकी कोरडी, की ढगातून सुटलेला पाऊस जमिनीला लागायच्या आत हवेतच विरून जातो. खाली पोचते ती फक्त वीज. इथे तिला कोरडी वीजच म्हणतात.

त्या रात्रीच्या विजांनी सेकोया नॅशनल पार्कात तीन ठिकाणी आग लागली. केबिन नावाची आग लहान होती, ती विझवता आली. कॉलनी आणि पॅरडाइज या दोन मात्र वाढत गेल्या. पॅरडाइज लागली ती काविया नदीच्या मधल्या फाट्यावरच्या उतारावर, आणि तो उतार इतका उभा की माणसं पायी पाठवणं धोक्याचं होतं. कॉलनी हे नाव १८८० च्या दशकात तिथे आलेल्या एका समाजवादी वसाहतीचं, काविया कॉलनीचं. या मंडळींनी लाकूड गिरणीसाठी डोंगरात रस्ता काढला आणि तिथल्या सर्वांत थोरल्या झाडाला कार्ल मार्क्सचं नाव दिलं, असं सांगतात. १८९० मध्ये पार्क जाहीर झाला, वसाहत मोडली, आणि ते झाड आज जनरल शर्मन म्हणून ओळखलं जातं. जात सेकोया, आकारमानाने जगातलं सर्वांत मोठं झाड. उंची सुमारे ८४ मीटर, बुंध्याचा व्यास ११ मीटरच्या आसपास, वय अंदाजे २,२०० वर्षं.

दोन्ही आगी पुढे एक झाल्या. हा वणवा ८८ हजार एकरांवर फिरला आणि पूर्ण आटोक्यात यायला डिसेंबरचा मध्य उजाडला.

बाहेरच्या जगाच्या लक्षात राहिलं ते एकच छायाचित्र: जनरल शर्मनच्या बुंध्याला गुंडाळलेला चकचकीत चंदेरी पत्रा. खरं तर तो अॅल्युमिनियमचा अग्निरोधक कागद, एरवी रानातली लाकडी घरं वाचवण्यासाठी वापरतात तो. ते छायाचित्र पुण्याहून, नागपूरहून, सिंगापूरहून मला किती जणांनी पाठवलं! चित्र सुंदरच होतं. एवढ्या प्राचीन झाडापुढे माणसं आपल्या हाताने संरक्षण धरून उभी आहेत, हे बघून कोणाचंही मन भरून येईल. माझंही आलं. पण शर्मन वाचला तो त्या कागदाने, अशी जी समजूत पसरली ती मला तेव्हाही टोचली आणि आजही टोचते. शर्मन आणि त्याच्या भोवतीचं जायंट फॉरेस्ट नावाचं सेकोयांचं रान मुख्यतः वाचलं, कारण त्याआधी कित्येक दशकं पार्कच्या लोकांनी ते रान स्वतःच्या हाताने, तुकड्या-तुकड्याने, पुन्हा पुन्हा जाळलं होतं. त्याचं छायाचित्र कोणी कोणाला पाठवत नाही.

सेकोयाचं झाड जवळून पाहिल्याशिवाय ही गोष्ट पटत नाही. साल दालचिनी रंगाची, उभ्या खोल खाचांची. तळवा लावून दाबली तर आत दबते. नारळाच्या काथ्याची गादी असावी तशी. थोरल्या झाडांची साल दोन फुटांपर्यंत जाड असते. पाइनसारखी चटकन पेट घेणारी राळ तिच्यात नसते आणि टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं, त्यामुळे कीडही सहसा लागत नाही. बुंध्याशी बहुतेक जुन्या झाडांना काळ्याभोर त्रिकोणी खबदाडी असतात, कधी माणूस सरळ उभा राहील एवढ्या. या जुन्या आगींच्या जखमा. झाड दर वेळी कडेने नवं लाकूड वाढवत जखम मिटवायला बघतं आणि त्या लाकडात आगीचं वर्ष कोरलं जातं. जायंट फॉरेस्टमधल्या ५२ झाडांच्या अशा खुणा वाचून संशोधकांनी तीन हजार वर्षांचा आगींचा इतिहास मांडला आहे. इसवी सन ८०० ते १३०० हा काळ तिथे कोरडा होता, तेव्हा आगी वरचेवर लागत. पण त्या बहुधा जमिनीलगत सरपटत जाणाऱ्या होत्या. पाचोळा खाऊन, बारकी झुडपं मारून निघून जाणाऱ्या.

सेकोयाला आग नुसती सोसते असंही नाही. त्याच्या कुळाची वाढच तिच्यावर अवलंबून आहे. शंकूसारखी फळं दोन-तीन इंचांची, हिरवी, घट्ट मिटलेली. ती फांदीवर वीस-वीस वर्षं तशीच राहू शकतात. खारी त्यांचे गरदार खवले कुरतडतात, एका जातीचा भुंगा आत पोखरतो, तेव्हा थोडं बी गळतं. खरी पेरणी होते ती आगीने. जमिनीवरच्या आगीची ऊब वर चढते, फळं वाळतात, खवले उघडतात आणि पुढचे काही दिवस बी पावसासारखं झरत राहतं. एकेक बी चार-पाच मिलिमीटरचं, चपटं, पंख असलेलं, फुंकर मारली तर उडून जाईल. पाचोळ्याच्या जाड थरावर ते पडलं तर मुळी जमिनीपर्यंत पोचायच्या आत सुकतं. त्याला उघडी माती हवी आणि वरून ऊन हवं. आग दोन्ही सोय करून ठेवते.

हे सगळं इथल्या मूळ रहिवाशांना, मोनो आणि योकुट्स लोकांना, पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. टोपल्यांसाठी सरळ कोवळे फोक फुटावेत, ओकची बोंडं वेचायला जमीन मोकळी राहावी, हरणांना चारा यावा म्हणून ते रान जाळत. १८५० मध्ये कॅलिफोर्निया राज्य झालं आणि त्याच वर्षीच्या कायद्याने गवताळ राने पेटवण्याबद्दल शिक्षा ठरली. मग मेंढ्यांचे कळप आले, त्यांनी आगीला वाट देणारं गवत खाऊन टाकलं. मूळ लोक मारले गेले, हुसकले गेले. पुढे पार्क झाला, लष्कराची पहारेदारी आली, १९१६ नंतर नॅशनल पार्क सर्व्हिस आली. प्रत्येकाने मनापासून एकच काम केलं: आग दिसली की विझव. १९३५ मध्ये अमेरिकेच्या वनखात्याने तर नियमच केला, की आज दिसलेली आग उद्या सकाळी दहाच्या आत आटोक्यात आली पाहिजे.

ही माणसं वाईट नव्हती. रानावर त्यांचं प्रेमच होतं. १९१० च्या उन्हाळ्यात आयडाहो आणि मोंटानात दोन दिवसांत तीसेक लाख एकर रान जळालं होतं आणि कितीतरी माणसं मेली होती. ती धास्ती एका अख्ख्या पिढीच्या मनात बसली होती. पण १८६० च्या सुमारापासून सेकोयांच्या बहुतेक राईंतली आग जवळजवळ थांबली. सुया, म्हणजे झाडांची सुईसारखी पानं, साठल्या, फांद्या साठल्या, सावलीत वाढणारे फर जातीचे वृक्ष दाटीवाटीने वर आले आणि त्यांच्या फांद्या थेट थोरल्या झाडांच्या शेंड्यांकडे चढल्या. जमिनीवरच्या आगीला शेंड्यापर्यंत न्यायला शिडी तयार झाली. वीज तीच होती, जी तीन हजार वर्षं पडत आली. खाली जे साठत होतं ते आमचं होतं.

१९६० च्या दशकात रिचर्ड हार्टेसवेल्ट नावाच्या अभ्यासकाने रेडवुड माउंटनच्या राईत छोट्या तुकड्यांवर आगीचे प्रयोग केले. राखेवर सेकोयाची रोपं उगवली. न जळलेल्या जागी जवळजवळ नाहीतच. त्याच सुमारास बर्कलीचे प्राध्यापक हॅरॉल्ड बिसवेल गावोगाव जाऊन सांगत होते की रान जाळायला शिका, आणि लोक त्यांना ‘हॅरी द टॉर्च’, म्हणजे मशालवाला हॅरी, म्हणत होते. १९६८ मध्ये सेकोया आणि किंग्ज कॅन्यन या जोड पार्कांनी धोरण बदललं. उंचावरच्या भागात विजेने लागलेली आग, धोका नसेल तर, जळू द्यायची. आणि राईंमध्ये स्वतः नेमून आग लावायची. पन्नास वर्षं हे काम चाललं, पण गरजेच्या मानाने फार थोड्या जागेवर.

मग २०१२ ते २०१६ चा दुष्काळ आला. त्यात सिएरामधले पाइन आणि फर लाखोंनी वाळले. १९ ऑगस्ट २०२० ला विजेने कॅसल नावाची आग लागली. तिने ७,५०० ते १०,६०० थोरले सेकोया मारले असा पहिला अंदाज निघाला. म्हणजे चार फुटांहून जास्त व्यासाच्या, जगात उरलेल्या सगळ्या सेकोयांपैकी १० ते १४ टक्के, एका आगीत. २०२१ चा पार्कातला वणवा आणि त्याच वेळचा शेजारचा विंडी वणवा यांनी मिळून आणखी २,२६१ ते ३,६३७ झाडं घेतली. थोरला सेकोया आगीने मरतो हेच त्याआधी फारसं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. कॅसल आगीनंतरच्या वसंतात, मे महिन्यात, बोर्ड कॅम्प नावाच्या राईत एक झाड अजून आतून धुमसताना सापडलं. मधला अख्खा हिवाळा आणि बर्फ त्याच्यावरून गेला होता.

माझे मामा मेळघाटात वनपाल होते. निवृत्तीनंतर परतवाड्याहून ते आमच्याकडे आले, तेव्हा त्यांना दुसरं काही दाखवायच्या आधी मी जायंट फॉरेस्टला नेलं. २०२१ च्या वणव्याला तेव्हा काही वर्षं होऊन गेली होती. गाडीच्या रस्त्यावर फोर गार्ड्समन नावाची चार झाडं वेशीसारखी उभी आहेत, तिथे आम्ही उतरलो. लोक वर बघत फोटो काढत होते. मामा खाली बघत होते. त्यांनी चपलेच्या टोकाने सुया बाजूला केल्या, उकिडवे बसले, बोटाने माती चोळली, वास घेतला. मग एका बुंध्याजवळ जाऊन काळा पडलेला भाग कुठवर आहे ते हाताने मोजलं. त्यांच्या कमरेच्या थोडा वर. त्याच्यावर साल तांबूस, स्वच्छ.

“हे रान आंधीच जाळून ठेवेल दिसते,” ते म्हणाले. “मोठ्या वणव्याले खायाले काईच नोतं इथं.”

मी त्यांना त्यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

मग चालता चालता ते जाळरेषेबद्दल, म्हणजे वणवा अडवायला आधीच जाळून ठेवलेल्या पट्ट्याबद्दल, बोलत राहिले. आपल्याकडे वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात, आणि त्याच्या आत रेषा जाळून झाल्या पाहिजेत. दोन्ही कडांचं गवत कापायचं, मधे टाकून वाळू द्यायचं, वारा पडला की कडेने पेटवायचं, आणि हिरव्या डहाळ्या घेऊन माणसं दोन्ही बाजूंना उभी ठेवायची. आता पाचोळा उडवायची यंत्रं आली आहेत, पण त्यांच्या उमेदीत डहाळ्याच होत्या. “आग लावनं सोपं नाई गं,” मामा म्हणाले. “इझवनाऱ्याले शाबासकी भेटते. लावनाऱ्याच्या हातून एक ठिणगी पल्याड गेली त त्याची नोकरी जाते.”

सेकोयाच्या प्रश्नाचं मर्म माझ्या दृष्टीने एवढंच आहे. इथे लोकांनी त्यावर जाडजूड अहवाल लिहिले आहेत. वनाधिकारी आग विझवतो तेव्हा वर्तमानपत्र त्याला वीर म्हणतं. तो आग लावतो तेव्हा वारा, आर्द्रता, सुयांचा ओलावा, धुराची दिशा, शेजारचं गाव, प्रदूषणावर नजर ठेवणाऱ्या हवा मंडळाची परवानगी, सगळ्यांचा भार एकट्याच्या सहीवर येतो. सगळं जुळून येणारे दिवस वर्षात मोजकेच, आणि त्यातला एखादाही हुकला तर काम पुढच्या वर्षावर जातं.

हे वाचून आपल्याकडचं रान पेटवायला मोकळीक आहे असा अर्थ कोणी काढू नये. मेळघाटातले किंवा सह्याद्रीतले वणवे विजेचे नसतात. ते मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा पेटवणाऱ्यांचे, नव्या गवतासाठी डोंगर जाळणाऱ्यांचे, कोणी निष्काळजीपणे टाकलेल्या विडीचे असतात. तिथली रोपं, सरपटणारे जीव, जमिनीवर घरटी करणारे पक्षी यांना दरवर्षीची ती आग झेपत नाही. प्रत्येक रानाचा आगीशी हिशेब वेगळा आहे. मामांनाही हे पक्कं ठाऊक होतं. त्यांचं रेषा जाळणं होतं ते बाकीचं रान वाचवायला, आणि इथे रानच जाळावं लागतं. तरी माती चोळून त्यांनी जे ओळखलं ते खरं होतं.

परतताना आम्ही उत्तरेच्या रस्त्याने गेलो आणि रेडवुड माउंटनच्या समोरच्या थांब्यावर गाडी उभी केली. सेकोयांची ही सर्वांत मोठी राई, हार्टेसवेल्टने प्रयोग केले तीच. २०२१ च्या ऑक्टोबरात वणवा इथे शेंड्यांवरून धावला. समोरच्या उतारावर काळे-करडे खांब उभे होते, फांद्यांशिवाय, टोकाशी तुटलेले. मधे मधे हिरवे पट्टे होते, तिथे आग खालून गेली होती. पण सलग मेलेला भाग इतका रुंद होता की नजर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यायला वेळ लागला. ज्या झाडांनी रोमन साम्राज्याच्या काळापासून आग पचवली, ती एका दुपारी गेली. मला तिथे रडू आलं, आणि त्याचं मला काही वाटत नाही. मामा कठड्याला धरून उभे होते. ते काहीच बोलले नाहीत.

एवढ्या आचेत नुसती झाडं मरत नाहीत, वरची फळंही बियांसकट जळून जातात. म्हणून अशा मोठ्या उतारांवर रोपं पुरेशी उगवली नाहीत. पार्क सर्व्हिसने २०२३ मध्ये तिथे रोपवाटिकेतली रोपं नेऊन लावायचा निर्णय घेतला. त्यावर काही निसर्गप्रेमी संस्थांनी आक्षेप घेतला आहे: हा कायद्याने राखलेला निर्मनुष्य टापू, इथे माणसाने हात घालू नये, निसर्गाला वेळ द्या. त्यांच्या मनातला आदर मला कळतो. पण मी त्यांच्या बाजूची नाही. दीडशे वर्षं आपण इथे हात घालतच आलो: मूळ लोकांना हाकलून, मेंढ्या सोडून, आगी विझवून, हवा तापवून. आता जबाबदारी निस्तरायची वेळ आली तेव्हा हात मागे घेण्यात पावित्र्य कसलं? रोपं लावावीत, आणि ती उभी राहिली की वेळच्या वेळी त्यांच्या पायाशी छोटी आगही लावावी.

एक आकडा मी भेटेल त्याला सांगत असते. २०१५ ते २०२१ या सात वर्षांत सेकोयांच्या एकूण राईंपैकी ८५ टक्क्यांहून जास्त क्षेत्र कमी-अधिक वणव्यात सापडलं. त्याआधीच्या अख्ख्या शतकात सापडलं होतं ते पाव भाग. म्हणजे आग टळली नव्हती. साठत होती. ती यायचीच आहे; कोणत्या दिवशी, कोणत्या वाऱ्यावर आणि किती सरपणावर, एवढंच आपल्या हातात थोडंफार आहे.

आता धुराविषयी, कारण खरा अडसर तिथेच आहे. आमचं घर फ्रेस्नोजवळ, डोंगरांच्या पायथ्याच्या खोऱ्यात. इथली हवा एरवीही देशातल्या सर्वांत खराब हवेपैकी. माझ्या मुलीला दमा आहे. २०२० आणि २०२१ चे ते आठवडे आम्ही दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबून, हवा गाळायचं यंत्र रात्रंदिवस चालू ठेवून काढले. सकाळी गाडीच्या काचेवर राख असायची, आणि तिच्यात कधी कधी पाइनची अख्खी जळकी सुई, बोट लावलं की भुगा होणारी. सूर्य दुपारीही तांबडा. मुलगी झोपेत श्वास घेताना बारीक शिट्टी वाजायची आणि मी ती मोजत जागी असायची.

म्हणूनच शरदात डोंगरावर नेमून आग लावायची सूचना येते आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, मराठी मंडळाच्याही ग्रुपवर, संतापाचे संदेश सुरू होतात, तेव्हा मी गप्प बसत नाही. लोकांचं म्हणणं असतं: आधीच हवा अशी, त्यात मुद्दाम धूर कशाला? मी त्यांना जायंट फॉरेस्ट आणि रेडवुड माउंटन या दोन जागांचे फोटो पाठवते. दोन-तीन दिवसांचा विरळ धूर, आधी कळलेला, मुलांना घरात ठेवता येईल असा. किंवा सहा आठवड्यांचा दाट धूर, कोणालाही न विचारता आलेला. दोन्हींतून सुटका असलेला तिसरा रस्ता मला तरी कुठे सापडलेला नाही. काही जणांना पटतं. काही जण ग्रुप म्यूट करतात.

हवा मंडळ लोकांची मतं मागवतं तेव्हा मी लिहिते. मुलीच्या दम्याचा उल्लेख करून, डॉक्टरांनी तिला दिलेल्या दोन्ही पंपांची नावं घालून लिहिते, म्हणजे ज्याला काही सोसायचं नाही तोच असं म्हणतो अशी शंका राहू नये. आणि मागणी एकच करते: तारीख आठवडाभर आधी जाहीर करा, शाळांना कळवा, वृद्धाश्रमांना कळवा, दम्याच्या मुलांच्या घरी हवेची यंत्रं पोचवा, आणि मग वनाधिकाऱ्यांना रान जाळू द्या.